पोरं याद्या धडाधड म्हणतात, ‘मग पुढे काय होतं’ विचारलं की गप्प. पॅथॉलॉजी (आजार शरीरात कसा घडतो त्याचं शास्त्र) शिकवायची तरी कशी?

गुलाबीजांभळी

नमस्कार मंडळी, इथे मेडिकलवाले बरेच आहेत म्हणून विचारते. मी एका सरकारी मेडिकल कॉलेजात पॅथॉलॉजीला असिस्टंट प्रोफेसर म्हणून नुकतीच लागलेय. मायक्रोस्कोपसमोर बसवा, दिवसभर उठणार नाही, पण आता सेकंड इयरची दीडशेची बॅच पदरात पडलीये आणि तिथे माझं घोडं अडलंय.

पोरं हुशार आहेत, ‘नीट’ची प्रवेश परीक्षा काढून आलेली आहेत, पाठांतर तर असं की ऐकत राहावं. परवा इन्फ्लमेशनच्या (सूज-दाह) ट्युटोरियलला म्हटलं आज व्याख्या नको, एक माणूस घ्या, शेतात बाभळीचा काटा पायात घुसला, थोड्या वेळात जागा लाल, दुसऱ्या दिवशी पाय सुजला, चौथ्या दिवशी पू. मला काट्यापासून पूपर्यंत नेऊन सोडा. तर समोरून लगेच लॅटिन यादी, रूबर, कॅलर, ट्यूमर, डोलर (लाली, गरमी, सूज, दुखणं), आणि मॅम पाचवं फंक्शिओ लीसा (काम बंद). बरं, लाल का झालं? व्हेसल्स (रक्तवाहिन्या) डायलेट झाल्या. का झाल्या? हिस्टामिन. ते आलं कुठून, ते साठवणाऱ्या मास्ट सेलला कुणी जाऊन सांगितलं की काटा टोचलाय म्हणून? इथे सगळे वहीत बघायला लागले. मागून एक जण हळूच, ‘मॅम, सायटोकाइन्स’. हे सायटोकाइन (पेशींचे एकमेकींना निरोप) म्हणजे आता हरी हरी म्हटल्यासारखं झालंय, काहीही विचारा, तेच.

मग दुसऱ्या बाजूने गेले, पांढऱ्या पेशी रक्तातून जखमेत कशा पोचतात. सिलेक्टिनने रोलिंग, इंटिग्रिनने घट्ट चिकटणं, सीडी ३१ च्या मदतीने भिंतीतून पार (ही सगळी पेशींवरची प्रथिनं), हा क्रम कुणाचाही चुकत नाही. विचारलं, एखाद्या बाळात जन्मापासून इंटिग्रिनचा सीडी १८ हा भागच धड नसेल तर त्याच्या जखमेत पू होईल का, आणि रक्तात डब्ल्यूबीसी (पांढऱ्या पेशी) काउंट कमी येईल की जास्त? अर्धा वर्ग म्हणाला कमी. अरे, पेशी रक्तातून बाहेरच पडू शकत नाहीत तर काउंट चढणार ना, आणि जखमेत पू दिसणार नाही, नाळसुद्धा वेळेवर गळत नाही अशा बाळांची. हे सगळं त्यांनीच दोन मिनिटांपूर्वी म्हटलेल्या यादीतून सरळ निघतं, पण कुणी काढतच नाही.

त्यात वेळेची बोंब. २०१९ पासून नवीन अभ्यासक्रम आला आणि दीड वर्षाचं सेकंड इयर एका वर्षात बसवलं, बरोबर फार्मॅकॉलॉजी आणि मायक्रोबायॉलॉजी, सकाळी वॉर्डात पोस्टिंग. त्यामुळे ‘मॅम परीक्षेला काय येणार तेवढं सांगा’ हेही मला समजतं.

तर प्रश्न एवढाच की आजार हा एकामागून एक घडत जाणारा प्रकार आहे, हे एवढ्या मोठ्या बॅचला तुम्ही कसं शिकवता? काय केल्याने खरंच फरक पडला ते सांगा. ‘इंटरॅक्टिव्ह घ्या’ असं मोघम नको, ते वर्कशॉपमध्ये ऐकून झालंय.

---

फॉर्मलिनकाका

मॅडम, मी रिटायर झालोय पण सवय जात नाही म्हणून लिहितो, लांबेल, सांभाळून घ्या.

तुमच्या डिपार्टमेंटला जारमध्ये ठेवलेल्या आजारी अवयवांचं म्युझियम असणारच, आणि बहुतेक त्याला कुलूप असणार. ते उघडा. आमच्याकडे पोरं म्युझियममध्ये फक्त परीक्षेच्या आधी यायची, जारचा नंबर आणि लेबल पाठ करायला, म्हणजे सत्तावीस नंबर म्हटलं की ‘किडनी, हायड्रोनेफ्रोसिस’. किडनी कशी दिसते ते बघायचं कामच नाही. मग मी जार कपाटातून काढून टेबलावर आणायला लागलो, लेबल झाकून, आणि एकटा जार कधीच नाही, गटाने.

माझा आवडता गट सांगतो. मायट्रल स्टेनोसिसचं (डावीकडची झडप आकसलेलं) हार्ट, तपकिरी कडक झालेलं लंग, जायफळासारखं दिसणारं लिव्हर, इन्फार्क्ट (रक्त न पोचून मेलेला भाग) असलेली स्प्लीन किंवा किडनी, आणि ब्रेनचं इन्फार्क्ट मिळालं तर तेही. उलटसुलट क्रमाने मांडायचे. जार वेगवेगळ्या पेशंटचे असतात, पण पोरांना सांगायचं की हे सगळं एकाच बाईचं आहे असं धरा, वय तीस, लहानपणी घसा दुखून ताप आला होता आणि सांधे सुजले होते (म्हणजे रूमॅटिक फीव्हर, झडप खराब होते ती त्यानेच). आता क्रम लावा आणि दोन जारच्या मध्ये काय झालं ते सांगा. जारचं नाव सांगायला मार्क नाहीत, मधल्या जागेला मार्क.

मग मजा बघा. झडप आकसली हे कळतं, नॉर्मल मायट्रल व्हॉल्व्हचं तोंड चार ते सहा चौरस सेंटिमीटर असतं, इथे माशाच्या तोंडाएवढी फट उरलीये, हात लावून बघा म्हणतो काचेवरून. मग पहिला सापळा, लेफ्ट व्हेंट्रिकल (एलव्ही, हार्टचा डावा खालचा कप्पा) जाड झालं असेल की नाही? निम्मी पोरं हो म्हणतात, कारण हार्टचा आजार म्हणजे एलव्हीएच (एलव्ही जाड होणं) हे डोक्यात घट्ट बसलेलं असतं. मी काही बोलत नाही, जार फिरवतो. एलव्ही साधं, उलट जरा लहानच, आणि लेफ्ट एट्रियम (डावा वरचा कप्पा) फुगून फुग्गा. तेव्हा कुणीतरी म्हणतं, सर एलव्हीपर्यंत रक्त पोचतच नाहीये पुरेसं, त्याला कशाला जोर लागेल? इथून पुढे गाडी त्यांचीच, मी फक्त ‘मग?’ म्हणायचं.

एट्रियम ताणलं, मग? ठोके बेताल, एट्रियल फिब्रिलेशन. मग? रक्त थबकलं, अपेंडेजमध्ये (एट्रियमच्या कोपऱ्यात) थ्रॉम्बस, म्हणजे गुठळी. मग? तुकडा सुटला. कुठे जाईल? इथे एक तरी मुलगा लंग म्हणतोच. त्याला उठवायचं आणि बोटाने रस्ता दाखव म्हणायचं, लेफ्ट एट्रियम, एलव्ही, एओर्टा. स्वतःच लाजून स्प्लीनच्या जारवर बोट ठेवतो. तो रस्ता तो जन्मात विसरत नाही.

दुसरा फाटा मागच्या दिशेने. एट्रियममधलं प्रेशर मागे लंगच्या कॅपिलरीत चढतं, पाणी बाहेर, थोडे आरबीसी (तांबड्या पेशी) पण बाहेर, ते मॅक्रोफेजने (सफाई करणाऱ्या पेशींनी) खाल्ले, त्यातल्या लोखंडाचं हिमोसिडेरिन झालं, त्याच त्या हार्ट फेल्युअर सेल्स. लगेच स्लाइड लावायची, एच अँड ई मध्ये (नेहमीचा गुलाबी-जांभळा रंग) अल्व्हिओलसमध्ये (हवेच्या पिशवीत) तपकिरी दाणेवाल्या पेशी, आणि शेजारी लोखंड दाखवणाऱ्या पर्ल्स स्टेनची स्लाइड, तेच दाणे निळेशार. लंग हातात घेतलं तर तपकिरी का होतं हे वेगळं सांगावंच लागत नाही.

सगळ्यात जास्त अडकतात ते लंगमधून उजव्या बाजूला येताना. पल्मनरी आर्टरीत प्रेशर वर्षानुवर्षं चढलेलं, म्हणून राइट व्हेंट्रिकल जाड, मग ते दमतं, मग मागे लिव्हर. लिव्हरच्या जारसमोर मी खरं जायफळ अर्धं कापून ठेवायचो, घरून आणलेलं, बायको विचारायची रोज एक जायफळ जातं कुठे. पण नुसतं ‘दिसतं ना तसं’ यावर थांबू नका. लोब्युलचा (लिव्हरच्या बारीक घटकाचा) मधलाच भाग लाल का, कडेचा का नाही? सेंट्रल व्हेनमधून रक्त बाहेर जायचं, ते तुंबलं म्हणून दाब तिथे आधी, आणि ऑक्सिजन हिपॅटिक आर्टरीकडून कडेने आत येतो म्हणजे मधल्या पेशींना तसाही कमी. दोन्ही मार एकाच जागी. हे पोरांकडून काढायला वेळ लागतो, लागू द्या.

असे गट बरेच होतात. सिऱ्हॉसिसचं लिव्हर, मोठी स्प्लीन आणि इसोफेगसच्या व्हेरिसेस (फुगलेल्या शिरा). टीबीचा गट, अपेक्सला (वरच्या टोकाला) कॅव्हिटी असलेलं लंग, इंटेस्टाइनचे आडवे अल्सर आणि मेनिंजायटिसचा ब्रेन. एका बॅचच्या प्रॅक्टिकलला एक गट पुरतो. दीडशे एकदम घेऊ नका, तिथे काहीच होत नाही.

---

तिरकसडॉक्टर

काकांचं वाचायला छान वाटलं, पण मी जरा मिठाचा खडा टाकतो, राग नसावा. मी परीक्षक म्हणून बऱ्याच कॉलेजांत जातो. ही गोष्टीरूप शिकवणी झालेली बॅच ओळखू येते. ‘मग? मग?’ ला बरोबर मान डोलावणारी पोरं असतात, सरांच्या तोंडाकडे बघून उत्तर द्यायला शिकलेली. हातात पेरिफेरल स्मियर (काचेवर पसरलेलं रक्त) दिला की बोंब. लीशमनने रंगवलेला साधा मायक्रोसायटिक हायपोक्रोमिक (लहान, फिक्या तांबड्या पेशींचा) स्मियर, त्यात ‘सर ब्लास्ट आहेत’ (ल्युकेमियाच्या कच्च्या पेशी) म्हणून साधे लिम्फोसाइट दाखवतात. आजाराची गोष्ट येते, आजार दिसत नाही.

आणि याद्यांना एवढी नावं ठेवू नका. काही गोष्टी पाठच हव्यात. मायोकार्डियल इन्फार्क्शनचं (हार्ट अटॅकचं) वेळापत्रक घ्या, पहिल्या ते तिसऱ्या दिवसात न्यूट्रोफिल, तिसऱ्या ते सातव्यात मॅक्रोफेज, सातव्या ते दहाव्याच्या आसपास ग्रॅन्युलेशन टिश्यू (भरून येणारा कोवळा भाग), दोन महिन्यांत स्कार. हे आकडे डोक्यात नसतील तर मी पुढचा प्रश्न विचारूच शकत नाही, की पेशंट अ‍ॅडमिट झाला, बरा वाटायला लागला, पाचव्या दिवशी उठून बाथरूमला गेला आणि कोसळला, पेरिकार्डियम (हार्टभोवतीची पिशवी) रक्ताने भरलेलं, तर पाचव्याच दिवशी का, पहिल्या का नाही? ज्याला वेळापत्रक पाठ आहे तो दोन सेकंद थांबून सांगू शकतो की मॅक्रोफेज मेलेला मसल खाऊन साफ करतायत आणि कोलॅजन अजून पडलेलं नाही, भिंत तेव्हाच सगळ्यात मऊ. पाठ नसलेला नुसता ‘सर, वीक झाली’ म्हणतो. तेव्हा आधी यादी, मग गोष्ट. मॅडमच्या पोरांकडे यादी आहे, म्हणजे अर्धं काम झालेलंच आहे, उगाच काळजी करतायत.

खरी गोम प्रश्नात आहे. आपण व्हायवाला (तोंडी परीक्षेत) काय विचारतो? ‘डिफाइन नेक्रोसिस. टाइप्स सांग.’ मग पोरं तेच करणार ना, ती काय वेडी आहेत? पोरं वर्षभर तुम्ही काय शिकवलं ते बघत नाहीत, गेल्या वर्षी एक्स्टर्नलने काय विचारलं ते सिनियरकडून काढतात. इंटर्नलच्या व्हायवात यादी विचारायची बंद करा, महिन्याभरात सगळ्या हॉस्टेलला कळेल.

एक सोपी गोष्ट करा, फॉरेन्सिकवाल्यांशी दोस्ती करा. क्लिनिकल ऑटॉप्सीला नातेवाइकांची परवानगी लागते आणि ती आता मिळत नाही, पण मेडिकोलीगल (पोलीस) केसचं हार्ट हिस्टोपॅथसाठी (मायक्रोस्कोपखालच्या तपासणीसाठी) आपल्याकडेच येतं. ग्रॉसिंगच्या (अवयव कापून बघण्याच्या) वेळी आठ-दहा पोरांना उभं करा. ताज्या हार्टचा काप टीटीसी या रसायनाच्या द्रावणात ठेवला की जिवंत होता तो मसल विटेसारखा लाल होतो आणि मेलेला फिका राहतो, कारण त्यातलं डिहायड्रोजिनेज एन्झाइम गळून गेलेलं असतं. मात्र फॉर्मलिनमध्ये पडलेल्या हार्टवर हे होत नाही, त्यामुळे आधी सांगून ठेवावं लागतं. पोरं तो रंग बदलताना बघतात तेव्हा मोबाइल आपोआप खिशात जातो. (आणि फोटो काढू देऊ नका, नस्त्या भानगडी.)

---

मागचाबाक

सर मॅम मी सेकंड इयरलाच आहे, दुसऱ्या कॉलेजला, म्हणून आमच्या बाजूने लिहितो, चुकलं तर सॉरी.

एक म्हणजे आम्हाला येत नाही असं दर वेळी नसतं. मी दहावीपर्यंत मराठी मीडियमचा, सायन्स मॅथ्स फक्त इंग्लिशमधून. मॅम विचारतात व्हाय इज इट रेड, तर उत्तर डोक्यात असतं, रक्तवाहिनी रुंद झाली, रक्त जास्त आलं, म्हणून लाल आणि म्हणूनच गरम, पण ते इंग्लिशमध्ये मांडेपर्यंत पुढच्या बाकावरचा ‘व्हॅसोडायलेटेशन’ बोलून मोकळा. मग एक शब्द पाठ करणं परवडतं. आमच्या एक ट्युटर मॅम आहेत त्या म्हणतात टर्म इंग्लिशच ठेव, बाकी मराठीत बोल, हिंदीवाल्याने हिंदीत बोल. त्यांच्या ट्युटला जो वर्षभर बोलला नव्हता तो पण बोलला. व्हायवाला इंग्लिश लागतंच, पण आधी समजू तर दे, मग इंग्लिश करतो ना आम्ही.

दुसरं म्हणजे जर्नल, प्रॅक्टिकलची वही. खरं सांगतो, स्लाइड फोकस करायच्या आधीच आमची डायग्राम काढून झालेली असते, गुलाबी आणि जांभळी पेन्सिल घेऊन सिनियरच्या जर्नलवरून. कारण सही लागते आणि सही डायग्रामला मिळते, बघण्याला नाही. टीबी लिम्फ नोडच्या स्लाइडला मी लँगहान्स जायंट सेल एकदम गोल, कडेला न्यूक्लियस घोड्याच्या नालासारखे, मस्त काढली होती, आणि आमच्या बॅचच्या सेक्शनला जायंट सेल एकही नव्हती म्हणे, नंतर टेक्निशियन सर हसत होते. पण सही झाली. कुणी एकाने जरी म्हटलं असतं की तुझ्या फील्डमध्ये दिसतंय तेच काढ, तर मी केसिएशनचा (टीबीत मेलेला) गुलाबी भाग आणि त्याच्या कडेचे एपिथिलॉइड सेल नीट बघितले असते.

तिसरं, सगळे व्हिडिओ अ‍ॅप बघतात, दुप्पट स्पीडवर, पीजी एन्ट्रन्सची भीती फर्स्ट इयरपासूनच घातलेली असते. त्यात सगळं एमसीक्यूच्या हिशोबाने असतं, हा शब्द दिसला की ते उत्तर. त्यामुळे ‘का’ ची सवय आम्हाला नाहीये हे मान्य.

काकांचा जारचा प्रकार आमच्या इथे कोणी घेतला तर मी प्रॉक्सी न लावता येईन 🙏

---

पीएचसीतला_एमओ

मी गडचिरोली जिल्ह्यात मेडिकल ऑफिसर आहे. शिकवायचा अनुभव शून्य, पण शिकवलेलं इथे कसं लागू पडतं किंवा पडत नाही ते रोज बघतो, म्हणून चार ओळी.

सिकल सेल आम्हाला एका लेक्चरमध्ये उरकला होता. हिमोग्लोबिनच्या बीटा चेनमध्ये सहाव्या जागी ग्लुटामिक अ‍ॅसिडऐवजी व्हॅलीन, हे वाक्य आजही झोपेत म्हणेन. पण त्या वाक्यापासून माझ्या ओपीडीत कळवळत आलेल्या पोराच्या पायापर्यंत रस्ता आहे हे कुणी दाखवलं नाही. इथे मला रोज ते सांगावं लागतं, पेशंटला आणि आशाताईंना, आणि तेही साध्या भाषेत. ऑक्सिजन सुटला की एचबीएसचे (सिकलच्या हिमोग्लोबिनचे) रेणू एकमेकांना चिकटून दांडे तयार करतात, पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक नळीत अडकते. मग धान कापणीच्या दिवसात उन्हात पाणी न पिता काम केलं की क्रायसिस (जोरदार दुखण्याचा झटका) का येतो? अंगातलं पाणी कमी झालं की पेशीतलंही कमी होतं, हिमोग्लोबिन दाट होतं, दांडे लवकर बनतात. बाळ पहिले काही महिने ठणठणीत आणि सहा महिन्यांनंतर हातापायाची बोटं सुजून येतं, ते का? तोपर्यंत बाळाचं एचबीएफ (गर्भातलं हिमोग्लोबिन) सांभाळत असतं. आणि हायड्रॉक्सीयुरियाची गोळी काय करते, तर तेच एचबीएफ वाढवते. एकदा हे कळलं की औषध वेगळं पाठ करावं लागत नाही.

स्प्लीनचं पण तसंच. लहान पोराची मोठी हाताला लागते, मोठ्या माणसाची लागतच नाही. आमच्या बरोबरचा एक इंटर्न म्हणाला होता, सर याचं स्प्लीन नॉर्मल आहे. नॉर्मल कसलं, वारंवार इन्फार्क्ट होऊन आवळून गेलंय, जंतूंना अडवायला उरलंच नाही. म्हणून न्यूमोकॉकसची लस, म्हणून साध्या तापालाही आम्ही धावतो.

मॅडम, तुम्हाला आजार ‘घडताना’ दाखवायचा आहे ना? मग सिकलिंग टेस्ट पोरांकडून करून घ्या. नुसती वाचून नाही. थेंबभर रक्त, त्यात ताजं बनवलेलं दोन टक्के सोडियम मेटाबायसल्फाइट, वर कव्हरस्लिप, कडा नेलपेंटने सील. लगेच बघितलं तर सगळे आरबीसी गोल गरगरीत. बाजूला ठेवायचं, तोवर थिअरी घ्यायची, अर्ध्या-एक तासाने परत तीच स्लाइड. त्याच फील्डमध्ये टोकदार वाकड्या पेशी. ऑक्सिजन काढून घेतला तेवढंच केलंय आपण, बाकी आजाराने स्वतः केलं. शेजारी नॉर्मल रक्ताची स्लाइड ठेवा म्हणजे बघायला फरक राहतो. ब्लड बँकेत किंवा ओपीडीत पेशंटला विचारून घेतलेलं सॅम्पल वापरा.

आणि तिथेच पुढचा प्रश्न टाका, की कॅरियरचं रक्त घेतलं तर वाकेल का? वाकेल. सोल्युबिलिटी (सिकलची झटपट चाचणी) पण पॉझिटिव्ह येईल. मग एएस (कॅरियर) आणि एसएस (आजारी) वेगळे कसे करायचे? तेव्हा इलेक्ट्रोफोरेसिस, एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या चाचण्या) कशाला लागतं ते कळतं. सिकल सेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन १ जुलै २०२३ ला सुरू झालं, ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलंय, विदर्भ आणि नंदुरबारकडे तुमच्यातली कितीतरी पोरं पुढे हेच काम करणार आहेत. कॅरियरला ‘तुला सिकल सेल आहे’ असं सांगून त्याचं ठरलेलं लग्न मोडायला लावणारे डॉक्टर मी बघितलेत. सोल्युबिलिटी कागदावर पॉझिटिव्ह, झालं.

---

फॉर्मलिनकाका

तिरकस सर, मिठाचा खडा कसला, बरोबर बोललात. मान डोलावणाऱ्या पोरांचा त्रास मलाही होता. त्यावर उपाय म्हणजे गट बदलायचा, एक जार मुद्दाम परका घुसवायचा, उदाहरणार्थ त्या मायट्रलच्या गटात सिऱ्हॉसिसचं लिव्हर, आणि काही सांगायचं नाही. जो ऐकीव उत्तर देतो तो तिथे पकडला जातो. पण आधी यादी मग गोष्ट हे काही मला पटत नाही. मायोकार्डियल इन्फार्क्शनचं वेळापत्रक आमच्या पोरांना पाठ झालं ते त्या पाचव्या दिवसाच्या पेशंटमुळेच, तुमचाच प्रश्न आधी विचारला तर आकडे शोधायला ती स्वतः पुस्तक उघडतात.

आपण काही नवीन करत नाही आहोत म्हणा. बोस्टनला मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात रिचर्ड कॅबट १९१० पासून हेच करत होते, आधी पेशंटची हकिगत, सगळ्यांसमोर तर्क, आणि शेवटी पॅथॉलॉजिस्ट उठून काय सापडलं ते सांगणार. आपल्याकडे सीपीसी (क्लिनिकोपॅथॉलॉजिकल कॉन्फरन्स) म्हणतात ती हीच. फक्त आपल्याकडे ती मोठ्या डॉक्टरांनी एकमेकांवर कुरघोडी करायची जागा झाली आणि पोरं मागे चहा-समोशाची वाट बघत बसली.

---

गुलाबीजांभळी

सगळ्यांचे खूप आभार, एवढं मनापासून कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. कुलूप होतंच काका 😅 किल्ली स्टोअरवाल्या मामांकडे होती.

मी ठरवलंय ते सांगते. ट्युटला भाषा मोकळी, एचओडींना विचारलं, ते म्हणाले वर्गात काय बोलता ते माझ्यापर्यंत येऊ देऊ नका, म्हणजे हो. जर्नलची सही डायग्रामला न देता मायक्रोस्कोपवर पॉइंटरने दाखवल्यावर देणार, याला वेळ जाईल पण पीजी विद्यार्थ्यांना बरोबर घेईन. मागचाबाक, तुझी पोस्ट मी नाव न सांगता आमच्या स्टाफ ग्रुपवर टाकली, दोघांनी वाचून काहीच लिहिलं नाही, याचा अर्थ लागलं.

सिकलिंग या महिन्यातच घेतेय. आमच्याकडे विदर्भातले पेशंट येतात, सॅम्पल मिळेल.

तिरकस सर, इंटर्नलच्या व्हायवाचं तुमचं पटलं, पण आमच्याकडे व्हायवा चार जण घेतात आणि एक सिनियर सर ‘क्लासिफाय ॲनिमिया’ सोडून काही विचारायला तयार नाहीत. त्यांना मी काय सांगणार. माझ्या टेबलापुरतं बदलते.

आता अडचण अशी की आमच्या म्युझियममध्ये मायट्रलचं हार्ट आहे, छान आहे, लिव्हर पण आहे, पण तपकिरी लंगचा जार नाही आणि त्याची स्लाइड पण नाही. पर्ल्स तर आमच्याकडे कधी लावल्याचं कुणाला आठवत नाही. आणि निम्म्या जारमधलं पाणी पिवळं पडलंय, आत काय आहे ते टॉर्च लावून बघावं लागतं. कुणाला यातलं माहिती आहे का?

---

मायक्रोटोमवाला

मॅडम मी टेक्निशियन आहे, हिस्टोला, म्युझियम पण मीच बघतो आमच्याकडे, म्हणून सांगतो.

पर्ल्स एकदम स्वस्तातला स्टेन आहे. दोन टक्के पोटॅशियम फेरोसायनाइड आणि दोन टक्के हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड, सारखे भाग, लावायच्या आधी त्याच वेळी मिसळायचं, बनवून ठेवलेलं चालत नाही. लोखंड असेल तिथे निळं. वर न्यूट्रल रेड. कंट्रोल म्हणून लोखंड असल्याचं माहीत असलेला ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) बरोबर लावा नाहीतर निळं आलं नाही तर स्टेन चुकला का खरंच नाहीये ते कळणार नाही. भांडी डिस्टिल्ड वॉटरने धुवायची, नळाच्या पाण्यातलं लोखंड पण निळं होतं, मग सगळी स्लाइड निळी दिसते आणि पोरं म्हणतात पॉझिटिव्ह.

लंगसाठी तुमच्याच जुन्या ऑटॉप्सी रजिस्टरमध्ये बघा, आरएचडी (रूमॅटिक हार्ट डिसीज) लिहिलेली केस शोधा, ब्लॉक ठेवलेले असतील तर त्यातून आजही सेक्शन निघतं, ब्लॉक खराब होत नाही उंदराने खाल्ला नाही तर. मी तसे बरेच काढून दिलेत. एका ब्लॉकमधून सगळ्या बॅचला पुरतील एवढ्या स्लाइड निघतात.

पिवळ्या जारचं, ते कैसरलिंगच्या जतनपद्धतीचं शेवटचं सोल्युशन असतं, ग्लिसरीन आणि अ‍ॅसिटेटवालं, जुनं झालं की पिवळं पडतंच. स्पेसिमेन काढून धुवायचं आणि ताजं सोल्युशन भरायचं, हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही. पण आधी झाकणाचा सांधा बघा, गळत असेल तर नुसतं सोल्युशन बदलून पंधरा दिवसांत परत खाली उतरेल. आणि हे काम खिडकी उघडून करा, जुन्या जारात फॉर्मलिन असतं, डोळे जातात.

अजून एक, काका म्हणाले लेबल झाकून ठेवा, तर त्यासाठी चिकटपट्टी लावू नका, गोंद राहतो आणि मग कुणीतरी तो स्पिरिटने पुसायला जातं, अ‍ॅक्रिलिकच्या जारला स्पिरिट लागलं की बारीक तडे जातात, आमचे दोन जार तसेच गेले. कागद गुंडाळून रबरबँड लावा, पुरे.